गेम अपडेट झाला, पण फोनमधली जागा कुठे गेली? उरलेल्या फायली काढण्याची सोपी रीत



सुट्टी लागली की आपल्या कोसाड-अमरोली भागातल्या घराघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "फोनमध्ये जागाच नाही." गेमचा नवा अपडेट आलेला असतो, तो उतरत नाही, आणि मुले घरातल्या मोठ्यांच्या मागे लागतात. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो. वडिलांचे कारखान्यातले फोन, आईचे व्हॉट्सअॅप, मुलांचा अभ्यास आणि त्यांचा खेळ, सगळे त्या एकाच फोनवर चालते.

मग जागा करायची म्हणून पहिला हात कशाला लागतो? गॅलरीला. गावाकडच्या लग्नाचे व्हिडिओ, गेल्या श्रावणातल्या कानबाईचे फोटो, आजीने अहिराणीत म्हटलेल्या गाण्याचे रेकॉर्डिंग. हे सगळे "जुने आहे" म्हणून पुसले जाते आणि तिथे गेमचा अपडेट बसतो. गेम उद्या पुन्हा उतरवता येईल. आजीचे गाणे दुसरीकडे कुठे ठेवलेले नसेल, तर ते कायमचे गेले.

खरे तर बहुतेक फोनमध्ये फोटोंना हात न लावताही जागा निघू शकते. ती गेमच्याच उरलेल्या फायलींत अडकलेली असते. या फायली का उरतात, कुठे साठतात, कोणत्या बिनधास्त काढाव्यात आणि कोणत्या चुकूनही काढू नयेत, हे या लेखात क्रमाने पाहू. मुलांनी आणि पालकांनी शेजारी बसून, फोन हातात घेऊन वाचले तर उत्तम.

अपडेट होते म्हणजे नेमके काय होते?

मोबाइलवरचा मोठा गेम दोन भागांत येतो. पहिला भाग म्हणजे अॅप, जे प्ले स्टोअरवरून उतरते. दुसरा भाग म्हणजे गेमचा माल: नकाशे, आवाज, कपडे, गाड्या, चित्रे. अॅप त्या मानाने लहान असते. माल बराच मोठा असतो आणि पुष्कळदा गेम पहिल्यांदा उघडल्यावर आतून वेगळा उतरतो.

अॅपच्या भागाची काळजी प्ले स्टोअर आणि अँड्रॉइड घेतात. नवी आवृत्ती बसली की जुनी आपोआप निघते. मालाची व्यवस्था मात्र पुष्कळ अंशी गेम स्वतः पाहतो. जुन्या मालाच्या फायली काढायच्या, नव्या ठेवायच्या, हे काम त्याचे. गेमने ते नीट केले तर प्रश्न नाही. पण मध्येच डेटा पॅक संपला, बॅटरी गेली किंवा कोणाचा फोन आला म्हणून गेम बंद केला, तर अर्धवट उतरलेल्या फायली तशाच पडून राहू शकतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अपडेट चालू असताना जुना आणि नवा माल काही वेळ सोबत असतो. घरात नवीन कपाट आणले की जुने बाहेर काढेपर्यंत दोन्ही कपाटे खोलीत असतात, तसेच. म्हणून ५०० एमबीच्या अपडेटला ५०० एमबी जागा नेहमी पुरत नाही. फोन "जागा अपुरी" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

फोनच्या खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले असले तरी तेवढी जागा आपल्या हाती येत नाही. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, तर पुष्कळ यंत्रे १,०२४ च्या पटीत. त्यामुळे ६४ चे सुमारे ५९.६ दिसतात. त्यातून अँड्रॉइड आणि कंपनीची स्वतःची अॅप्स बरीच जागा घेतात. ३२ जीबीच्या जुन्या फोनमध्ये तर एक मोठा गेम आणि एक भरलेले व्हॉट्सअॅप एवढ्यानेच दम लागतो.

पब्जी ते बीजीएमआय: एकाच गेमची दोन घरे

उरलेल्या फायलींचे आपल्याकडचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे पब्जी. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. ३० ऑक्टोबर २०२० पासून त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. पुढे २ जुलै २०२१ ला क्राफ्टन कंपनीने खास भारतासाठी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे बीजीएमआय आणला.

खेळणाऱ्यांना वाटले की जुनाच गेम नव्या नावाने आला. फोनच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे गेम आहेत. अँड्रॉइड प्रत्येक अॅपला त्याच्या आतल्या नावाने ओळखतो. जुन्या गेमच्या आतल्या नावात 'टेन्सेंट' होते, नव्याच्या नावात 'पब्जी आयमोबाइल' आहे. नाव वेगळे म्हणून फोल्डरही वेगळे. नवा गेम बसवला तरी जुन्याचे फोल्डर कोणी काढत नाही, कारण फोनसाठी तो अपडेट नसतोच. ज्यांनी "बंदी उठली तर?" म्हणून जुने अॅप ठेवले, त्यांच्या फोनवर दोन्ही गेमचा माल साठून राहिला.

गोष्ट इथे संपली नाही. २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआय प्ले स्टोअरवरून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्याअखेर पुन्हा खेळता येऊ लागला. मधल्या काळात तो स्टोअरवर मिळत नसल्याने पुष्कळांनी इकडून-तिकडून त्याच्या एपीके फायली उतरवल्या. एपीके म्हणजे अॅप बसवण्याची फाइल. ती एकदा बसवली की तिचे काम संपते, पण डाउनलोड फोल्डरमध्ये ती पडूनच राहते. दोन-तीनदा प्रयत्न केला असेल तर दोन-तीन फायली.

फ्री फायरचेही तसेच झाले. १४ फेब्रुवारी २०२२ च्या ५४ अॅप्सच्या यादीत गरेना फ्री फायर होता, फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला. दोघांची फोल्डरे वेगळी. ज्यांनी मॅक्स घेतला पण जुना काढला नाही, त्यांनी एकदा अॅप्सची यादी तपासून पाहावी.

कचरा साठण्याच्या पाच जागा

पहिली जागा, डाउनलोड फोल्डर. इथे एपीके, झिप आणि अर्धवट उतरलेल्या फायली सापडतात. मित्राच्या फोनवरून घेतलेला गेम असेल, तर ज्या अॅपने तो घेतला त्याच्या नावाचे वेगळे फोल्डरही असते. शेअरइट आणि झेंडर या दोन्हींवर २९ जून २०२० रोजी बंदी आली. अॅप गेले तरी त्यांनी बनवलेले फोल्डर आणि आतल्या फायली जुन्या फोनमध्ये अजूनही असू शकतात.

दुसरी जागा, ओबीबी. फोनच्या मेमरीत 'अँड्रॉइड' नावाचे फोल्डर असते, त्यात 'डेटा' आणि 'ओबीबी' अशी दोन फोल्डरे असतात. ओबीबीमध्ये गेमच्या मालाच्या मोठ्या फायली राहतात. प्ले स्टोअर पूर्वी अॅपच्या मुख्य फायलीला थोडीच जागा देत असे, म्हणून मोठ्या गेमचा माल ओबीबी म्हणून वेगळा येई, आणि अशी एक फाइल २ जीबीपर्यंत असू शके. तिच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. त्यामुळे जुनी कोणती आणि नवी कोणती हे ओळखता येते: एकाच गेमच्या दोन 'मेन' फायली दिसल्या तर लहान आकड्याची जुनी. ज्यांनी गेम हाताने कॉपी करून बसवला, त्यांच्याकडे अशा जोड्या जास्त सापडतात.

तिसरी जागा, डेटा फोल्डर. गेम उघडल्यावर आतून जे उतरते ते पुष्कळदा इथे जाते. हे फोल्डर सर्वांत जड आणि सर्वांत नाजूक, कारण इथे माल, कॅशे आणि काही गेमची खेळाची नोंदसुद्धा शेजारी-शेजारी असते. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, गूगलने दुसऱ्या अॅप्सना या फोल्डरमध्ये शिरायला मनाई केली. म्हणून फाइल मॅनेजरमधून ते रिकामे दिसते किंवा उघडतच नाही. फोन बिघडला असे समजू नये. ही सुरक्षेची सोय आहे.

चौथी जागा, मेमरी कार्ड. गेमचा काही भाग कार्डवर असेल आणि कार्ड काढून ठेवलेले असताना गेम अनइन्स्टॉल केला, तर कार्डावरचा भाग तसाच राहतो. कार्ड पुन्हा घातले की तो परत दिसतो.

पाचवी जागा, स्क्रीन रेकॉर्डिंग. हा अपडेटचा कचरा नव्हे, पण जागा शोधताना सर्वांत जास्त पुष्कळदा इथेच सापडते. मुले आपला चांगला सामना रेकॉर्ड करतात, मित्राला पाठवतात आणि विसरतात. एकेक व्हिडिओ शेकडो एमबीचा असतो.

काढण्याआधी एकच प्रश्न: हे पुन्हा मिळेल का?

श्रावणात कानबाईच्या आधी आपण घर झाडून-पुसून, रंग देऊन लख्ख करतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, जुने सामान भंगारात जाते. पण ज्या पेटीत घराची कागदपत्रे आहेत, ती पेटी कोणी उघडून न पाहता भंगारात देत नाही. फोनचेही तसेच करावे. प्रत्येक फायलीबद्दल विचारावे: ही गेली तर पुन्हा मिळेल का?

गेमचा माल पुन्हा मिळतो. फार तर डेटा पॅक खर्च होतो. कॅशे तर आपोआप पुन्हा तयार होते. कॅशे म्हणजे गेमने काम लवकर व्हावे म्हणून हाताशी ठेवलेली तात्पुरती सामग्री. ती काढल्यावर पहिल्यांदा गेम थोडा हळू उघडेल, एवढेच.

खेळाची नोंद, म्हणजे आपण कुठवर पोहोचलो, काय मिळवले, ही मात्र कुठे ठेवली आहे त्यावर सगळे अवलंबून आहे. इथे गेमचे दोन प्रकार पडतात.

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स यांसारख्या ऑनलाइन गेममध्ये ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. फोन बदलला तरी तेच खाते उघडले की सगळे परत दिसते. अट एकच: खाते गूगल, फेसबुक अशा कशाला तरी जोडलेले हवे. 'गेस्ट' म्हणून खेळत असाल तर त्या खात्याची ओळख फोनशीच बांधलेली असते. डेटा पुसला की फोन तुम्हाला नवा पाहुणा समजू शकतो, आणि वर्षभराची कमाई असलेले जुने खाते हातचे जाते. म्हणून सफाईच्या आधी गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन खाते जोडलेले आहे का, ते पाहा. नसेल तर आधी जोडा, मग झाडू हातात घ्या.

दुसरा प्रकार, ज्यांची नोंद फोनमध्येच असते. माइनक्राफ्ट हे त्याचे चांगले उदाहरण. मुलाने महिनोन्‌महिने एकेक ठोकळा रचून बांधलेले गाव, किल्ला, नदीवरचा पूल, हे सगळे त्याच फोनमध्ये असते. गेम अनइन्स्टॉल केला की ते जगही जाते. खाते जोडलेले असले तरी ते आपोआप परत येत नाही. माइनक्राफ्टमध्ये 'एक्सपोर्ट वर्ल्ड' असा पर्याय आहे. त्याने त्या जगाची एक फाइल तयार होते. ती गूगल ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि मगच गेमला हात लावावा. इंटरनेटशिवाय चालणारे लुडो, कोडी, गाड्यांच्या शर्यती यांतही पुष्कळदा नोंद फोनमध्येच असते.

पालकांना हे सांगणे गरजेचे आहे. आपल्याला तो नुसता खेळ वाटतो, पण मुलाने त्यात वेळ आणि डोके घातलेले असते. न विचारता पुसले तर पोर दुखावते, आणि पुढच्या वेळी तेही न विचारता तुमचे काहीतरी पुसते.

फोनची सफाई: या क्रमाने करा

१. आधी फोन चार्जिंगला लावा आणि सेटिंगमधले 'स्टोरेज' उघडा. जागा कोणी घेतली आहे ते पाहा: अॅप्स, व्हिडिओ की व्हॉट्सअॅप. अंदाजाने पुसू नका. आकडे पाहून ठरवा.

२. अॅप्सची यादी आकारानुसार लावा. जे गेम आता कोणी खेळत नाही किंवा जे चालतच नाहीत, ते आधी काढा. जुना पब्जी, जुना फ्री फायर इथेच सापडतील. चिन्हावर बोट दाबून 'अनइन्स्टॉल' करा. असे केले की त्या गेमची डेटा आणि ओबीबीमधली स्वतःची फोल्डरेही सहसा सोबत जातात. काही अॅप्स काढताना फोन "या अॅपचा डेटा ठेवायचा का?" असे विचारतो. तिथे खूण केली तर अॅप जाते आणि डेटा राहतो. जागा हवी असेल तर खूण करू नका.

३. चालू गेमसाठी त्या गेमच्या 'अॅप इन्फो'मध्ये जाऊन 'स्टोरेज' उघडा. तिथे दोन बटणे शेजारी असतात. 'क्लिअर कॅशे' बिनधास्त दाबा. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' हे वेगळे बटण आहे. ते दाबले की गेम पहिल्या दिवसासारखा कोरा होतो: लॉगिन गेले, फोनमधली नोंद गेली, आणि उतरवलेला मालही गेला. घाईत सर्वांत जास्त नुकसान या दोन बटणांच्या गोंधळातून होते.

४. गेमच्या आतून सफाई करा. मोठ्या गेममध्ये 'डाउनलोड' नावाचा विभाग असतो. तिथे कोणते नकाशे आणि कोणते पॅक उतरवलेले आहेत ते दिसते, आणि नको ते काढता येतात. मूल एकच नकाशा खेळत असेल तर बाकीचे ठेवण्याची गरज नाही. ही सफाई सर्वांत सुरक्षित, कारण काय काढले हे गेमला ठाऊक असते. बीजीएमआयच्या लॉगिन पडद्यावर 'रिपेअर' हे बटणही आहे. अपडेट अर्धवट अडकला किंवा गेम मध्येच बंद पडू लागला तर ते उपयोगी पडते. पण त्यानंतर काही माल पुन्हा उतरू शकतो, म्हणून पॅकमध्ये डेटा शिल्लक असतानाच दाबा.

५. आता डाउनलोड फोल्डर. गूगलचे 'फाइल्स' हे अॅप बहुतेक फोनमध्ये असते. त्यातला 'क्लीन' विभाग मोठ्या फायली, एकसारख्या दोन प्रती आणि न वापरलेली अॅप्स दाखवतो. एपीके फायली इथे सापडतील. गेम बसलेला असेल तर त्याची एपीके काढायला हरकत नाही. मात्र यादीतले सगळे एकदम निवडून 'डिलीट' करू नका. 'मोठ्या फायली' या यादीत गेमचे रेकॉर्डिंग आणि तुमच्या भाचीच्या हळदीचा व्हिडिओ शेजारी-शेजारी असतात. अॅपला त्यातला फरक कळत नाही.

६. शेवटी फोन एकदा बंद करून सुरू करा, गेम उघडून लॉगिन होते का ते पाहा, आणि मगच नवा अपडेट सुरू करा.

जाहिरातीत दिसणारी "एका बोटात फोन दुप्पट वेगवान" म्हणणारी क्लीनर अॅप्स घेऊ नयेत. वरची सहा कामे फोनमधल्याच सोयींनी होतात. ती अॅप्स उलट स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात आणि फोनभर फिरण्याची परवानगी मागतात.

आयफोनवाल्यांसाठी दोन ओळी. तिथे सेटिंगमध्ये 'जनरल', मग 'आयफोन स्टोरेज' असे गेले की प्रत्येक अॅपसमोर 'ऑफलोड' आणि 'डिलीट' असे दोन पर्याय दिसतात. ऑफलोड केले की अॅप जाते पण त्याची कागदपत्रे आणि डेटा राहतो. डिलीट केले की दोन्ही जातात.

संगणकावर गेम असेल तर

कॉलेजच्या मुलांकडे आता जुना-नवा संगणक असतो. तिथे उरलेल्या फायलींचे कारण थोडे वेगळे आहे.

फुकट मिळणारे पुष्कळ गेम झिप फायलीत येतात. नवी आवृत्ती आली की मुले ती जुन्याच फोल्डरमध्ये उघडतात आणि "रिप्लेस करू का?" याला हो म्हणतात. यात काय होते ते समजून घ्या. ज्या फायलींची नावे दोन्हींत सारखी आहेत त्या बदलल्या जातात. नव्या फायली भर पडतात. पण जी फाइल नव्या आवृत्तीतून बनवणाऱ्यांनी काढून टाकली आहे, ती जुन्या फोल्डरमध्ये तशीच राहते. गेम सुरू झाल्यावर ती जुनी फाइलही वाचू शकतो. मग विचित्र गोष्टी घडतात: गेम मध्येच बंद पडतो, अक्षरे गायब होतात, मित्राबरोबर ऑनलाइन खेळताना "आवृत्ती जुळत नाही" असे येते. मुले म्हणतात नवी आवृत्तीच खराब आहे. मूळ दोष जुन्या-नव्याच्या मिसळीचा असतो.

उपाय साधा आहे. जुन्या फोल्डरचे नाव बदलून पुढे 'जुने' लिहा. नवी झिप वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा. गेम सुरू करून पाहा. खेळाची नोंद दिसली आणि सगळे ठीक चालले, की आठवडाभराने जुने फोल्डर काढा. नोंद दिसली नाही तर ती जुन्या फोल्डरमध्ये असेल. तेथून 'सेव्ह' नावाचे फोल्डर शोधून नव्यात कॉपी करा. म्हणूनच जुने लगेच पुसायचे नसते.

विंडोजमध्ये खेळाची नोंद पुष्कळदा गेमच्या फोल्डरबाहेर असते: 'डॉक्युमेंट्स'मधल्या 'माय गेम्स'मध्ये, 'सेव्हड गेम्स'मध्ये किंवा 'अॅपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये. जागा हवी म्हणून अॅपडेटा सरसकट पुसणे म्हणजे पेटी न उघडता भंगारात देणे.

स्टीमवरून गेम घेणाऱ्यांना अपडेटच्या वेळी जास्त जागा का लागते, असा प्रश्न पडतो. स्टीम बदललेल्या फायली आधी बाजूला तयार करते, मग जुन्यांच्या जागी ठेवते. गेमच्या फायली मोठ्या असतील तर लहानशा अपडेटलाही मोठी मोकळी जागा लागते. अपडेट अडकला तर स्टीमच्या सेटिंगमधल्या 'डाउनलोड्स'मध्ये 'क्लिअर डाउनलोड कॅशे' आहे. गेम बिघडला तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये फायली तपासण्याची सोय आहे. ती गेमच्या मूळ फायली जुळवून पाहते आणि खराब किंवा नसलेल्या तेवढ्याच पुन्हा उतरवते. मात्र तुम्ही बाहेरून आणून टाकलेले मॉड ती काढत नाही. गेम अनइन्स्टॉल केल्यावरही स्टीमच्या 'कॉमन' फोल्डरमध्ये गेमच्या नावाचे फोल्डर उरलेले दिसते, ते बहुधा याच मॉडमुळे किंवा सेटिंगच्या फायलींमुळे. गेम पुन्हा बसवण्याआधी ते फोल्डर हाताने काढले तर खरोखर कोरी सुरुवात होते.

डेटा पॅकचा हिशेब

सफाई करताना डेटाचाही विचार करा. समजा गेमचा माल ३ जीबीचा आहे आणि रोजचा पॅक १.५ जीबीचा. चुकून 'क्लिअर डेटा' दाबले गेले, तर तो माल पुन्हा उतरवायला पूर्ण दोन दिवसांचा डेटा जाईल. त्या दोन दिवसांत ताईचा ऑनलाइन क्लासही अडेल आणि गावाकडचा व्हिडिओ कॉलही. म्हणून 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' यांतला फरक घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा.

प्ले स्टोअरमध्ये आपोआप अपडेट फक्त वाय-फायवर व्हावे, अशी सेटिंग आहे. ती चालू ठेवा. मोठा अपडेट रात्री, फोन चार्जिंगला लावून, घरी बसूनच उतरवा. गावी जायच्या दिवशी, सुरत किंवा उधन्याहून नंदुरबार-जळगावची गाडी धरायच्या तासभर आधी अपडेट सुरू केला, तर तो वाटेत तुटण्याचीच शक्यता जास्त. आणि तुटलेला अपडेट म्हणजे पुन्हा उरलेल्या फायली.

फोटो आणि व्हिडिओ आधी सुरक्षित करा

एवढे करूनही कधी जागा कमीच पडते. तेव्हा फोटोंना हात लावावा लागला, तर आधी त्यांची दुसरी प्रत करा.

गूगल खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून फोटोही याच हिशेबात धरले जातात, त्यामुळे ती कधीतरी भरते. गूगल फोटोमधले 'फ्री अप स्पेस' हे बटण बॅकअप झालेलेच फोटो फोनमधून काढते, म्हणून ते हाताने पुसण्यापेक्षा बरे. चुकून पुसले गेले तर 'ट्रॅश'मध्ये पाहा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. त्यानंतर तो गेला.

फुकटची जागा भरली असेल तर पेन ड्राइव्ह किंवा संगणक आहेच. लग्न, बारसे, कानबाई, आखाजी यांचे व्हिडिओ वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईबरोबर, पेन ड्राइव्हवर घ्यावेत आणि वर वर्ष लिहून ठेवावे. व्हॉट्सअॅपवर आलेला जुना व्हिडिओ पुन्हा उतरेल या भरवशावर राहू नका. ज्याने पाठवला त्यानेही तो पुसला असेल.

आपल्या बऱ्याच घरांत आजी-आजोबांचा आवाज हा फक्त अशा रेकॉर्डिंगमध्येच राहिला आहे. मुलांची अहिराणी इथे सुरतेत राहून पातळ होत चालली आहे. ती त्यांना ऐकायला मिळेल तर याच व्हिडिओंतून. एका नकाशासाठी ते जाऊ नयेत, एवढीच इच्छा.

थोडक्यात

- जुने, न चालणारे गेम पूर्ण अनइन्स्टॉल करा. नवा गेम बसवल्याने जुना जात नाही.
- सफाईआधी गेमचे खाते गूगल किंवा फेसबुकला जोडा. गेस्ट म्हणून राहू नका.
- 'क्लिअर कॅशे' चालेल. 'क्लिअर डेटा' विचार करूनच.
- फोनमध्येच नोंद ठेवणाऱ्या गेमची प्रत आधी बाहेर काढा.
- संगणकावर नवी आवृत्ती जुन्या फोल्डरवर उघडू नका. वेगळे फोल्डर करा.
- एपीके आणि जुनी स्क्रीन रेकॉर्डिंग काढा.
- घरचे फोटो-व्हिडिओ शेवटी, आणि दुसरी प्रत झाल्यावरच.

मुलांनो, येत्या रविवारी ही सफाई तुम्हीच करा, पण आई-बाबांना शेजारी बसवून. काय काढतो आहोत आणि का, हे त्यांना सांगा. आई-बाबांनीही मुलांचा गेम पुसण्याआधी त्यांना एकदा विचारावे. ज्यांना हे एकट्याने जमणार नाही, त्यांनी आपल्या इमारतीतल्या एखाद्या जाणत्या मुलाला किंवा मुलीला हाक मारावी. कोसाडमध्ये अशी मुले दर मजल्यावर सापडतील, आणि चहा-बिस्किटावर ती आनंदाने मदत करतील.